गावातलं घर विकायचं आहे : घेणाऱ्याला कोणते कागद दाखवावे लागतात?

काळीमाती

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यात आमचं गाव आहे. आजोबांनी बांधलेलं मातीच्या भिंतींचं, कवेलूंचं घर, पुढे ओटा आणि मागे परसात विहीर. आजोबा १९८३ मध्ये गेले, आजी १९९६ मध्ये आणि बाबा २०११ मध्ये. तेव्हापासून आई माझ्याकडे अमरावतीला आहे आणि घराला कुलूप आहे. दर पावसाळ्यात एक भिंत खचते. शेवटी आई स्वतःच म्हणाली, विकून टाक बाबू, घर असं मरताना बघवत नाही.

गावातलेच एक गुरुजी घ्यायला तयार आहेत. माणूस चांगला आहे, भावही तोंडी ठरला. मात्र त्यांना बँकेचं कर्ज काढायचं आहे, म्हणून ते म्हणाले, "कागद दाखवा." मी आईची पेटी उघडली. निघालं काय, तर ग्रामपंचायतीच्या टॅक्स पावत्या, नमुना ८ चा एक उतारा (अजून आजोबांच्याच नावाचा), बाबांच्या नावाचं लाइट बिल आणि एक पिवळा पडलेला जुना कागद. त्या कागदावर वर चक्क "मध्यप्रदेश" छापलंय, त्यामुळे तो आपल्या कामाचा नसावा.

माझा प्रश्न सरळ आहे. विकणारा म्हणून मी कायद्याने काय काय दाखवायला बांधील आहे? मला लपवायचं काहीच नाही, पण आहे ते पुरेसं आहे का?

वऱ्हाडी_ठेचा

नमुना ८ आणि चालू टॅक्स पावती. झालं. आमच्या गावात मागच्या दहा वर्षांत अशीच घरं विकली गेली, रजिस्ट्रीही लागली. उगाच वकिलाचे पैसे वाढवू नका राजेहो.

हलका_नंबर_७

मी ३१ वर्षं पटवारी होतो, वाशीम आणि यवतमाळ दोन्ही जिल्ह्यांत. ठेचाभाऊ म्हणतात तशी रजिस्ट्री लागते, हे खरं आहे. दुय्यम निबंधक नोंदणी करतो, मालकी तपासत बसत नाही. म्हणून रजिस्ट्री लागली म्हणजे मालकी पक्की झाली, असा अर्थ होत नाही. आमच्या भागात सगळ्यात जास्त भांडणं याच गैरसमजातून उभी राहतात.

नमुना ८ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही आहे. घर कोणाच्या ताब्यात आहे आणि त्याच्यावर कर किती बसतो, हे त्यात असतं. मालक कोण, हे ठरवायला ती वही केलेलीच नाही. अतिक्रमणातल्या घरालाही कर लागतो आणि त्याचंही नाव नमुना ८ ला येतं. मग तो त्या जागेचा मालक झाला का?

घर नेमकं कशावर उभं आहे, ते आधी बघा. गावठाणात असेल (भंडारा-गोंदियाकडे आबादी म्हणतात) तर एक रीत. शेतात प्लॉट पाडून बांधलं असेल तर सातबारा, अकृषक परवानगी, मंजूर नकाशा हे सगळं लागेल. सरकारने दिलेल्या जागेवर असेल आणि भोगवटदार वर्ग २ असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकताच येत नाही. तुमचं यातलं कोणतं?

आणि तो मध्यप्रदेशवाला कागद फेकू नका. त्याच्या मागच्या पानावर शिक्के आहेत का, तेवढं बघून सांगा.

पळसफूल

मध्यप्रदेश? दारव्ह्याला? 🤔

झाडीपट्टी_भंडारा

हो जी पळसफूल, होतंच ते. १ नोव्हेंबर १९५६ ला आपले आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्याच्या आधी आपण मध्यप्रदेशात होतो आणि राजधानी होती नागपूर. माझ्या आजोबांच्या घराचा कागद तर हिंदीत आहे. आमच्याकडे मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) होती, ती १९५१ मध्ये संपली. त्याच्याही आधीचे कागद काढायचे तर मालगुजाराच्या काळापर्यंत जावं लागते.

काळाकोट_वर्धा

काळीमाती दादा, तुम्ही विचारलं की विकणारा कायद्याने कशाला बांधील आहे. आपल्याकडे हा प्रश्न सहसा घेणाराच विचारतो. विकणाऱ्याने स्वतःहून विचारला, याचं मला फार बरं वाटलं.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२ चा आहे, त्याचं कलम ५५ बघा. मिळकतीत किंवा तुमच्या मालकीत एखादा मोठा दोष तुम्हाला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही तो त्याला कळला नसता, तर तो तुम्ही सांगायलाच हवा. मालकीचे जे कागद तुमच्या ताब्यात आहेत किंवा तुम्ही मिळवू शकता, ते त्याने मागितले की तपासायला द्यायचे. मिळकतीबद्दल किंवा मालकीबद्दल त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं द्यायची. विक्रीच्या तारखेपर्यंतचे सरकारी कर तुम्ही भरायचे. पूर्ण पैसे मिळाले की मूळ कागद त्याच्या हवाली करायचे.

"तुम्ही मिळवू शकता" हे शब्द लक्षात ठेवा. पेटीत कागद सापडला नाही, एवढं म्हणून सुटका होत नाही. नक्कल काढून देता येत असेल तर ती काढून द्यायची.

आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराची विक्री नोंदणीकृत दस्ताशिवाय होत नाही. हे त्याच कायद्याच्या कलम ५४ मध्ये आहे.

वऱ्हाडी_ठेचा

मग गावात बॉंडवर लिहून झालेले व्यवहार? आमच्या काकांनी १०० च्या बॉंडवर घर घेतलं, चार साक्षीदार, सरपंचाचा शिक्का. वीस वर्षांपासून तिथे राहतात.

काळाकोट_वर्धा

राहतात, पण विकता येणार नाही. बॉंड १०० चा असो की आताचा ५०० चा, नोंदणी नसेल तर मालकी त्या कागदाने गेलीच नाही. नुसत्या मुखत्यारपत्रावर केलेल्या विक्रीचंही तेच. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. मूळ मालक किंवा त्याचे वारस हयात आहेत आणि बोलणं सुरू आहे, तोवर काकांनी रीतसर खरेदीखत करून घ्यावं. माणसं म्हातारी होतात हो. नंतर सही कोणाची घेणार?

वऱ्हाडी_ठेचा

हे माहीत नव्हतं. आजच काकांना फोन लावतो.

तूरडाळ

काळीमाती, एक विचारू? तुमच्या आजोबांना मुली किती?

काळीमाती

@हलका_नंबर_७ काका, घर गावठाणातच आहे. सरकारने गावठाणातल्या घरांची ड्रोनने मोजणी केली तेव्हा आम्ही गावात नव्हतो. आज ग्रामपंचायतीत फोन केला, तर मिळकत पत्रिका (त्या मोजणीवरून निघालेला घरजागेचा कागद) निघाली आहे म्हणाले. नाव आजोबांचंच.

जुन्या कागदाच्या मागे दोन गोल शिक्के आहेत. एकाखाली "दस्त नं.", "पुस्तक नं. १", पान असं शाईनं लिहिलंय. तारीख १९५४ ची. पुढे आजोबांची मोडीत सही आहे आणि विकणाऱ्याचा अंगठा.

@तूरडाळ ताई, दोन आत्या. थोरली पांढरकवड्याला असते, ८१ वर्षांची आहे. धाकटी २०१४ मध्ये गेली, तिचे मिस्टर आणि दोन मुलं नागपूरला आहेत. पण त्यांचा काय संबंध? त्यांची लग्नं आजोबांनीच थाटात केली. आणि मुलींचा हक्क तर २००५ नंतरचा ना?

हलका_नंबर_७

अहो, पुस्तक नंबर १ म्हणजे स्थावर मिळकतीची नोंदवही! तुमच्या हातात आजोबांचं नोंदणीकृत खरेदीखत आहे. जागा त्यांनी १९५४ मध्ये पैसे देऊन घेतली होती. तुमच्या पेटीतला सगळ्यात मोलाचा कागद तोच. दस्त नंबर टाकून दुय्यम निबंधकांकडून त्याची साक्षांकित नक्कल काढा आणि मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. लॅमिनेशन करू नका, शिक्के आणि घड्या दोन्ही बघावे लागतात.

काळाकोट_वर्धा

आत्यांचा संबंध पूर्ण आहे दादा. घर आजोबांचं स्वतःचं, स्वकष्टार्जित. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ चा. स्वकष्टार्जित मिळकतीत मुलगी त्या १९५६ पासूनच मुलाच्या बरोबरीने वारस आहे. २००५ ची दुरुस्ती वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या जन्मसिद्ध हक्कासाठी होती. लोक हे दोन्ही एकत्र कालवतात आणि १९८३ ला गेलेल्या वडिलांच्या घरातून मुलींना परस्पर वगळतात. पूर्वी एक अडचण होती, राहत्या घराची वाटणी मुलगी मागू शकत नसे. ते कलमही २००५ मध्ये काढून टाकलं.

आता हिशेब. आजोबांनी मृत्युपत्र केलं नसेल तर १९८३ ला चार वारस : आजी, तुमचे बाबा, दोन आत्या. चौघांना पाव-पाव. आजी १९९६ ला गेल्या, त्यांचा पाव हिस्सा तिघा मुलांत. म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. बाबांच्या एक तृतीयांशात आई, तुम्ही आणि भावंडं असतील ती.

काळीमाती

मला एक बहीण आहे. म्हणजे या घरात माझा स्वतःचा नववा हिस्सा?

खरं सांगतो, दोन दिवस मी इथे आलो नाही. वाचून आधी राग आला. मग आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, विहीर खोदली तेव्हा थोरली चौदा-पंधरा वर्षांची होती, टोपलीनं माती तिनंच वाहिली.

पळसफूल

❤️

पांढऱ्या_सोन्याचा_गाव

थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. ही कलमं कागदावर बरी दिसतात. गावात आत्याकडे सही मागायला जा, की दुसऱ्या दिवशी तिचा जावई दारात. ज्याने वीस वर्षं टॅक्स भरला, कवेलू फेरले, त्याला नववा हिस्सा आणि जी कधी फिरकली नाही तिला तिसरा. हा न्याय आहे का? आमच्याकडे तर बहिणींनी चोळी-बांगडी घेऊन प्रेमाने सह्या दिल्या.

तूरडाळ

प्रेमाने दिल्या असतील तर चांगलंच आहे. पण विचारून दिल्या ना? मी ज्या घरात जन्मले ते मला न विचारता विकलं गेलं. चुलतभावाने "एकमेव वारस" असं प्रतिज्ञापत्र केलं. मला कळलं तेव्हा घेणाऱ्यांनी भिंत पाडली होती. मी दावा लावला नाही, कारण घेणारी बाई विधवा होती, तिचे सगळे पैसे त्यात गेले होते. पण तिला आजही रात्री झोप लागत नसेल, कारण मी आहे हे तिला आता माहीत आहे. म्हणून मी इथे तोच एक प्रश्न विचारते, मुली किती.

पांढऱ्या_सोन्याचा_गाव

ताई, वाईट वाटलं वाचून. माझ्या बहिणींना विचारलं होतं, आणि हक्कसोड रजिस्टर केली आहे. टॅक्स आणि डागडुजीचा खर्च किमतीतून आधी वजा करून मग वाटणी करावी, एवढंच माझं म्हणणं.

काळाकोट_वर्धा

हे म्हणणं रास्त आहे आणि घरात बसून ठरवता येतं. मात्र हक्कसोड तोंडी चालत नाही, नोंदणीच लागते. नाही तर त्याहून सोपं, सगळ्या वारसांनी एकाच खरेदीखतात विकणारे म्हणून सह्या करायच्या. "संमती देणार" म्हणून कोपऱ्यात सही घेण्यापेक्षा हे बरं. आणि ज्याचा हिस्सा, त्याच्या खात्यात चेक.

ओट्यावरून

चेकवरून आठवलं. मी घेणारी होते, तर माझी बाजू सांगते. आर्वी तालुक्यात आम्ही घर घेतलं. विकणारे ओळखीचे होते. इसार म्हणून दीड लाख रोख दिले, इसारपत्र वहीच्या पानावर. नमुना ८ बघितला, पावत्या बघितल्या, सगळं व्यवस्थित होतं. रजिस्ट्रीच्या आदल्या आठवड्यात कळलं की घर एका पतसंस्थेकडे गहाण आहे. नमुना ८ वर त्याची ओळसुद्धा नव्हती. विकणारे म्हणाले, तुम्ही विचारलंच नाही!

तो दिवस मला आजही दिसतो. मी त्यांच्या ओट्यावर बसले होते, हातात चहाची बशी होती आणि त्यांची सून आतून म्हणाली, "मामंजी, संस्थेचा माणूस परत येऊन गेला." तेवढ्या एका वाक्याने मला कळलं. ती पोरगी बोलली नसती, तर मी पुढचे नऊ लाखही दिले असते.

इसार परत मिळायला अडीच वर्षं लागली आणि तोही पूर्ण मिळाला नाही.

हलका_नंबर_७

ओट्यावरून ताई, तुम्ही विचारलं नाही तरी सांगणं त्यांचं काम होतं. काळाकोट ताईंनी वर लिहिलंच आहे. म्हणून विकणाऱ्याने बेबाकी दाखले (काही देणं बाकी नाही, असे) आधीच तयार ठेवावेत : ग्रामपंचायतीचा, सोसायटी किंवा पतसंस्थेचं कर्ज असेल तर त्यांचा, पाणीपट्टीचा, महावितरणच्या शेवटच्या बिलाची पावती. सातबारावर बोजा असेल तर "इतर हक्क" रकान्यात दिसतो. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं. नोंदणी कार्यालयात तीस वर्षांचा शोध घ्यायची रीत आहे, सूची २ (नोंदवलेल्या दस्तांची यादी) चे उतारे मिळतात. गहाणखत नोंदवलेलं असेल तर त्यात सापडतं.

काळाकोट_वर्धा

आणि रोख! घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, २०१५ पासून. इसारसुद्धा त्यात आला. घेणाऱ्याच्या खिशातून जातात, पण जेवढी रोख घेतली तेवढाच दंड विकणाऱ्याला बसू शकतो.

झाडीपट्टी_भंडारा

आमचा अनुभव वेगळाच आहे जी. साकोलीकडे घर घेतलं. कागद सगळे, आखीव पत्रिका होती (मिळकत पत्रिकेला आम्ही तेच म्हणतो), वारसांच्या सह्या झाल्या. राहायला गेलो, तं मागच्या घरवाला आमच्या सांदवाडीतून (परसातून) बैलगाडी घेऊन निघाला. म्हटलं, हे काय? तो म्हणाला, आमची वहिवाट आहे, आज्यापासून. विकणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

शेवटी वाजिब-उल-अर्जाची नक्कल काढली. मालगुजारीच्या गावात वाट कोणाची, पाणी कोणाचं, गुरं कुठून जातील, हे त्यात लिहून असते. वाट निघाली खरी. आता आम्ही बैलगाडीपुरती जागा सोडून तारकुंपण केलं. आणि काळीमाती भाऊ, तुमच्या परसात विहीर आहे म्हणता. ती एकट्याची आहे का?

काळीमाती

नाही! निम्मी शेजारच्यांची. मधून भिंत गेली आहे आणि विहीर भिंतीखाली आहे, दोन्हीकडून रहाट. लहानपणी आम्ही आणि शेजारची पोरं एकाच वेळी बादल्या सोडायचो आणि खाली दोर गुंतायचे. मग दोन्ही घरच्या आया वरून ओरडायच्या.

पळसफूल

आमच्याकडेही अशीच! उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की आवाज घुमायचा. पलीकडच्या घरात काय शिजतंय ते विहिरीतून कळायचं.

वऱ्हाडी_ठेचा

आणि विहिरीतल्या कासवाची मालकी कोणाची? आमच्याकडे त्याच्यावरून दोन घरं बोलत नव्हती. 😄

नमुना_नऊ

कासव बाजूला ठेवा. विहिरीतला अर्धा हिस्सा खरेदीखतात लिहून घ्या, चतुःसीमेखाली वेगळं वाक्य टाका. चतुःसीमा लिहिताना "पूर्वेस अमुकचं घर" म्हणून १९५४ ची नावं उतरवू नका. ती माणसं राहिली नाहीत, घरं तिसऱ्याकडे गेली. आजचे लगतचे कोण, ते लिहा. आणि १९५४ च्या दस्तातलं क्षेत्र आणि मिळकत पत्रिकेतलं क्षेत्र जुळवून बघा. मी ग्रामपंचायतीत काम करतो, ड्रोनच्या मोजणीत ज्यांची घरं बंद होती त्यांच्या हद्दी शेजाऱ्यांनी दाखवल्या.

काळीमाती

जुळत नाही. पत्रिकेत थोडं कमी दिसतंय. बहुतेक विहिरीकडची बाजू.

हलका_नंबर_७

मग विक्रीआधी भूमी अभिलेखाकडे अर्ज. १९५४ चा दस्त जोडा. आणि त्याच अर्जासोबत वारसांच्या नोंदीचंही करा : मृत्यूचे दाखले, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. वंशावळीत दोन्ही आत्या आल्याच पाहिजेत. ड्रोनवाली योजना, स्वामित्व, एप्रिल २०२० मध्ये सुरू झाली. पत्रिका मिळाली म्हणजे गावठाणातल्या माणसाला पहिल्यांदा नकाशासह कागद मिळाला, हे फार मोठं काम आहे. माझ्या नोकरीत मी ते बघितलं नाही. पण नाव चुकलं तर चुकलेलंही तितकंच पक्कं होतं.

मेळघाट_वाट

एक भर घालतो. इथे बरेच जण मेळघाट, गडचिरोली, घाटंजी, केळापूर बाजूचे असतील. विकणारा आदिवासी असेल आणि घेणारा बिगर-आदिवासी, तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६अ आधी वाचा. शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेली पूर्वपरवानगी नसेल, तर व्यवहार टिकत नाही आणि जमीन परत जाते. "कागद सगळे आहेत" असं म्हणणारे दलाल हा एकच कागद दाखवत नाहीत. हा कायदा आमच्या माणसांच्या बाजूने आहे, म्हणून मी तो सांगत राहतो.

पवनारकाठ

तसंच भूदानाचं. विनोबांच्या पायाशी आमचा जिल्हा, त्यामुळे भूदानाच्या जमिनी इकडे पुष्कळ. सातबारावर भूदानाचा शेरा असेल तर ती जमीन कसणाऱ्याला मनाप्रमाणे विकायला दिलेली नाही. त्याच्यावर घर बांधलं असलं तरी. घेणाऱ्याला हे आधी सांगा.

पांढऱ्या_सोन्याचा_गाव

धागा घर विकण्याचा होता, आता जमीन, भूदान, कासव सगळं आलं. 🙂

बँकेतला_मी

परत घरावर येऊ. मी एका बँकेच्या ग्रामीण शाखेत कर्जविभागात आहे. गुरुजी कर्ज काढणार असतील तर आमच्या वकिलाला मूळ दस्तापासून आजपर्यंतची साखळी लागते : १९५४ चं खरेदीखत, मग वारस, मग मिळकत पत्रिकेवरची नावं, मग तुम्ही सगळे विकणारे. त्यात एक कडी तुटली की फाइल परत. ग्रामीण भागात दहातल्या बहुतेक फायली वारसांच्या नोंदीवरच अडतात. घर मातीचं असल्याने मूल्यांकन कमी येईल, ते गुरुजींना आधीच सांगा. बाकी तुमच्याकडे मूळ नोंदणीकृत दस्त आहे. गावठाणातल्या घराला तो असणं मी क्वचितच बघितलं.

काळीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार. पांढरकवड्याला जातो. जमेल तसं कळवतो.

*(साडेचार महिन्यांनंतर)*

काळीमाती

मंडळी, धागा वर आणतो. व्यवहार झाला, म्हणून सांगायला आलो.

आत्याकडे गेलो तेव्हा पेटीतला कागद सोबत नेला होता. तिने चष्मा लावला, वाचता आलं नाही, पण आजोबांची मोडीतली सही बोटाने गिरवली. सही मागायची माझी हिंमतच होईना. शेवटी तीच म्हणाली, "विहिरीचं काय केलंस?" मी सांगितलं, कागदात कमी दिसते, दुरुस्ती करायची आहे. म्हणाली, "मग मी येते. भिंत कुठं होती ते मला ठाऊक आहे, तुला नाही." जावयांनी (पांढऱ्या सोन्याचा गाव, तुमची आठवण आली) दोन प्रश्न विचारले, हिशेब वहीत लिहून घेतला आणि गाडी स्वतः चालवत आणली.

भूमी अभिलेखाची माणसं मोजायला आली त्या दिवशी आत्या खुर्ची टाकून परसात बसली. शेजारचे काका, वय ७६, त्यांनी आणि तिने मिळून जुन्या भिंतीचा पाया दाखवला. उकरलं तर दगडी पाया निघाला. नक्कल, अर्ज, वारसांच्या नोंदी, दुरुस्ती, यातच तीन महिने गेले. धाकट्या आत्याच्या मिस्टरांनी आणि मुलांनी नागपूरहून येऊन सह्या केल्या. टॅक्स आणि डागडुजीचा बाबांनी केलेला खर्च आधी वजा करा, हे त्यांनीच सुचवलं.

गुरुजींना मी सगळं एका फाइलमध्ये दिलं. पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते आणि मागच्या खोलीचा आढा वाळवीने खाल्लाय, हेही तोंडी सांगितलं. ते म्हणाले, ते मला दिसलं होतं, पण तुम्ही सांगाल का ते बघत होतो. भाव एक पैसाही कमी केला नाही. विहिरीचा अर्धा हिस्सा दस्तात वेगळ्या वाक्यात आहे.

नोंदणीच्या दिवशी आत्याचा अंगठा यंत्रावर उमटेना. कष्टाने रेषा झिजल्या आहेत. ऑपरेटर पोरगा चांगला होता, ओलं फडकं आणून त्याने तिचं बोट पुसलं, चौथ्या वेळी उमटला.

हलका_नंबर_७

फार छान केलंत. फेरफार?

काळीमाती

अर्ज गेला, काल नोटीस लागली काका. हरकतीचे पंधरा दिवस चालू आहेत.

तूरडाळ

आत्यांना माझा नमस्कार सांगा.

ओट्यावरून

आणि तो १९५४ चा मूळ कागद? तो ठेवलात ना स्वतःकडे?

काळीमाती

नाही ताई. पूर्ण पैसे मिळाले की मूळ कागद घेणाऱ्याचा, काळाकोट ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नक्कल माझ्याकडे आहे. आईने तो देण्याआधी एकदा पिशवीतून बाहेर काढायला लावला, आत्याच्या हातात दिला, आणि आत्याने तो गुरुजींच्या बायकोला दिला.